उरलेला चारा

जाळं जड लागलं, तेव्हा समताबाईला आनंद झाला.

तेवढाच. जाळं काठाला आलं आणि चंदेरी काहीच चमकलं नाही. काळं, गुळगुळीत, मिशांचं काहीतरी एकमेकांच्या अंगावरून वळवळत होतं. काही मनगटाएवढे, काही करंगळीएवढे.

"मांगूर," जाळ्याचं दुसरं टोक धरलेल्या सोजराबाई म्हणाल्या. "समता, हे तर सारे मांगूर हायेत वं."

पावसाळ्यात बचत गटाच्या बायकांनी या शेततळ्यात रोहू-कटल्याचं जिरं, म्हणजे जिऱ्याएवढी पिल्लं, सोडली होती. आता त्याची बोटाएवढी पिल्लं झाली असणार, बोटुकली. ती बघायला सरपंच थोड्या वेळात येणार होते. बोटुकली दिसली तर गावतलाव पाच वर्षं ठेक्याने बायकांना. नाही दिसली तर ठेकेदार नारायणरावाला, नेहमीसारखा.

जाळ्यातलं सगळं बांधावर ओतलं. जाळं पुन्हा टाकलं. पुन्हा मांगूर. एक रोहू निघाला, तोही शेपटीकडून अर्धा खाल्लेला.

"हे धरणावरच्या गळवाल्याईचं काम," सोजराबाई म्हणाल्या. "जित्ते मासे चारा म्हून लावतात गळाले. उरले का फेकले कुठीबी."

"सारेच तसे नसतात मावशी," संघर्ष म्हणाला. समताबाईचा हा धाकटा भाऊ चिखलीला बियाण्याच्या दुकानात होता. रविवारी गळ घेऊन धरणावर यायचा, जाता-येता बहिणीकडे चहा प्यायचा. आज तिनेच त्याला जाळं ओढायला बोलावलं होतं. "तिथं फलक हाये. चौकीदार इचारते म्हून आपण तोंडपाठ केला."

आणि त्याने म्हणून दाखवलं, शाळेत कविता म्हणतात तसं:

उरलेला जिवंत चारा
जलाशयात परत सोडू नये.

"म्या एक बी सोडला नाही. एक बी."

समताबाईने जाळं खाली ठेवलं.

"मंग काय केलं त्याचं?"

"कायचं?"

"उरलेल्या चाऱ्याचं, बे."

संघर्षने बहिणीकडे पाहिलं नाही.

"इवले इवले होते आक्का. बाजारात एक बाई पिशवीत घेऊन बसते. मले काय ठाऊक कोणचा मासा मोठेपणी काय होते. वाटलं, रस्त्यातच तुह्यं तळं हाये. जगतीन."

"कवा?"

"रविवारी."

"कोणच्या रविवारी?"

मनगटाएवढे. करंगळीएवढे. समताबाईने बांधावरच्या ढिगाकडे पाहिलं आणि तिला उत्तर मिळालं.

"दर रविवारी," ती म्हणाली. "घरी चहा पेऊन. माह्या हातचा. फलकावर पुढं काय हाये?"

"आक्का..."

"तोंडपाठ हाये ना तुले? म्हण."

तो पाण्यापासून दूर नेऊन...

"म्हण!"

तो पाण्यापासून दूर नेऊन नष्ट...

"मारनं झालं नाही माह्याच्यानं," संघर्ष म्हणाला. "विहारात म्हणतो ना आपण. जीव घेऊ नये."

"अन् त्याच पिल्लाच्या पाठीत गळ खुपसतानी? तवा विहाराले कुलूप होतं काय?"

सोजराबाईंना हसू आलं. त्यांनी ते पदरात दाबलं.

"पण म्या नियम नाही मोडला," संघर्ष म्हणाला.

हे त्याने म्हणायला नको होतं.

समताबाईने ओलं जाळं उचललं आणि दाणकन जमिनीवर आपटलं. चिखल तिघांच्याही तोंडावर उडाला. कुणीच पुसला नाही.

"नियम धरणाले होता. माह्या तळ्याले चौकीदार नव्हता म्हून इथं ओतलं. आम्ही रोहूले खायाले डोक्यावर ढेप वाहिली. पोरं कडेले घेऊन बगळे हाकलले. अन् तू आमची पिल्लं यायले खाऊ घालून राह्यला होतास. ते बी नियमानं! नारायणरावानं केलं असतं तं समजली असती मी. त्याचा फायदा होता. तुहा काय फायदा होता रे?"

"मले दया आली."

"कोनाची?"

रस्त्यावर गाडी थांबली. सरपंच उतरले. त्यांच्या मागून नारायणराव उतरले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"मी सांगतो ना सरपंचाले," संघर्ष घाईने म्हणाला. "समजावून सांगतो."

"समता," सोजराबाई म्हणाल्या. "पाह्य वं. पाह्य तिकडं."

बांधावरचा ढीग अर्धा झाला होता. मांगूर मेले नव्हते. पाण्याबाहेरही ते लवकर मरत नाहीत. पुढचे पर मातीत रोवत, पोटाने सरकत, ते ओल्या गवतातून निघाले होते. तळ्याकडे नाही. बांधाच्या पलीकडे, नाल्याकडे. नाला धरणात जातो.

समताबाईने गवतातला विळा उचलला आणि भावासमोर धरला.

त्याने हात पुढे केला नाही.

"मंग जा," ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता, आणि तो जास्त वाईट होता. "आडवा हो त्याईले. फलक वाचून दाखव."

संघर्ष खरंच दोन पावलं गेला आणि त्यांच्या वाटेत उभा राहिला.

पहिला मांगूर त्याच्या चपलेवरून सरकत पुढे गेला.