चितळकरांची प्रतिक्रिया

शामराव चितळकरांची प्रतिक्रिया आजही दैनिकाच्या अग्रलेखाखाली हजर होती. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. पण त्या दैनिकाच्या संकेतस्थळावर जुन्या वाचकांच्या प्रतिक्रिया त्यांच्यामागेही चालू राहत. त्यांची आयुष्यभराची पत्रं वाचून यंत्र त्या लिहीत असे. वत्सलाबाई रोज चहाबरोबर नवऱ्याची चिडचिड वाचत आणि गालातल्या गालात हसत.

आज मात्र चहा तसाच ठेवून त्या दैनिकाच्या कार्यालयात गेल्या. "यांचं खातं बंद करा," त्या म्हणाल्या.

खिडकीतल्या मुलीनं स्क्रीनवर पाहिलं. "का हो काकू? छान लिहिलंय की. 'संपादकांशी पूर्णपणे सहमत.' काकांबद्दल फार तक्रारी यायच्या, म्हणून आम्ही त्यांची भाषा जरा सौम्य केली."

"अगं, यांनी चाळीस वर्षांत माझ्या चहालासुद्धा कधी बरं म्हटलं नाही. तुमच्या अग्रलेखाला कसले म्हणतायत!"

मुलीनं अर्ज पुढे केला. वत्सलाबाईंनी कारणाच्या रकान्यात 'निधन' लिहिलं. निधनाच्या तारखेपाशी त्या जरा थांबल्या, आणि मग त्यांनी आजची तारीख घातली.