कुंकू लावलेला अर्ज

"बाई, हा बेकारी भत्त्याचा अर्ज आहे. ह्याच्या कोपऱ्यांना हळदकुंकू कशाला?" कामगार विमा कार्यालयातल्या कारकुनाने विचारलं.

बायजाक्का ओशाळल्या. सांगलीतल्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. छापून आलेल्या पहिल्या पत्रिकेला हळदकुंकू लावायचा मान त्यांचाच असे. आता लोक मोबाइलवरच आमंत्रणं धाडू लागले आणि छापखाना बंद पडला. हाताची सवय मात्र गेली नव्हती.

कारकुनाचं बोट एका ओळीवर थांबलं. "कारण, 'स्वखुशीने काम सोडले'? मग भत्ता बसत नाही."

सोबत आलेले छापखान्याचे मालक, अण्णा, वाकून बघू लागले. "अक्का, असं का गं लिहिलंस?"

"मग काय, मालकानं काढलं म्हणून लिहू? सरकारदरबारी तुमचं नाव खराब करू?"

"अगं, तुझ्या नावानं दर महिन्याला विम्याचा हप्ता भरत होतो, तो ह्याच दिवसासाठी की." अण्णांनी कोरा अर्ज मागून घेतला. कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'छापखाना बंद. मालकाने कामावरून काढले.' खाली सही ठोकली.

"आणि गल्लीत कुणी विचारलं तर?"

"अण्णानं काढलं म्हणून सांग. वर चार शिव्या घाल मला."

"तेवढं तर बावीस वर्षांत तुम्ही कधी शिकवलंच नाही," म्हणत बायजाक्कांनी पिशवीतली पुडी सोडली आणि नव्या अर्जालाही कुंकू लावलं.