वरमायेची जागा

वरमायेनं मुलाचं लग्न लागताना बघायचं नसतं, म्हणून थोरल्या दोघांच्या वेळी हौसाबाई घरीच बसून लांबून वाजंत्री ऐकत राहिली. अंगावर अक्षता पडतात तेव्हा आपला पोरगा दिसतो कसा, हे तिला कधीच कळलं नाही. धाकट्याचं लग्न वेंगुर्ल्याच्या कचेरीत, नुसत्या सह्यांचं. तरी ती पदरात अक्षता बांधून दाराबाहेरच्या बाकावरच बसली. तिसरा साक्षीदार एस.टी. चुकल्यानं आलाच नाही आणि आत साहेब तिसऱ्या सहीसाठी अडून बसले. मग नवरीच बाहेर आली. “आये, भुतूर येवा.” “वरमायेन बघूचा नसता गो!” “हंय तुमी बघल्याशिवाय लगीनच लागूचा नाय.” हौसाबाई बिचकत आत गेली. सही करताना धाकट्यानं जीभ बाहेर काढली, लहानपणी पाटीवर गिरवताना काढायचा तशीच. अक्षता टाकायच्या विसरून तिनं सुनेला विचारलं, “थोरल्यांनी त्यांच्या लग्नाच्या वेळाक काय केलेला असतला गो?”