सहा आठवड्यांचं पाणी

माशांसाठी दोन फुटी टाकी घ्यावी की तीन फुटी, इथेच मर्व्हिनचं घोडं अडलं होतं.

"तीन फुटीच घ्या," दुकानातली बाई म्हणाली. "लहान टाकीत पाणी लवकर बिघडतं. नवशिके नेमके तिथेच फसतात."

"मला वाटलं, लहान म्हणजे सोपी."

"सगळ्यांना तसंच वाटतं."

बाई पन्नाशीची, केस पिकलेले. मर्व्हिनच्या हिशेबाने त्याच्याहून चांगली पंधरा वर्षांनी मोठी. पण बोलण्यात तोरा नव्हता. त्याला हायसं वाटलं. इनिसफेल गावातले दुकानदार एरवी गिऱ्हाइकाला अक्कल शिकवायला टपलेलेच असतात.

तो घाईत निघाला होता. पायात घरातल्या सपाता, पाकीटही कुठेतरी राहिलेलं. उसाचा हंगाम ऐन भरात, कारखान्यातली पाळी चुकवून भागणार नव्हतं, आणि परवा शनिवारी नरेलचा नववा वाढदिवस.

"मुलीसाठी का?" बाईने विचारलं.

"हो. अपराध केलाय मी पोरीचा." हे कुणाला तरी सांगितल्यावाचून त्याला राहवेना. "पावसाळ्यात ओढ्यावरून बादलीभर इंद्रधनुषी मासे आणले तिला. आपल्याकडचे सगळे बाप आणतात तसे. ओढ्यात मगर, पोरीला कशी पाठवणार? मीच उतरलो, मोठा शूरवीर! घरी येऊन कपडे धुवायच्या टबात नळाचं ताजं पाणी भरलं आणि दिले सोडून. चार दिवसांत एकूण एक मेले."

"मग?"

"मग काय! कोकोच्या डब्यात घालून आंब्याखाली पुरले तिने. एकटीने. मला हाकसुद्धा मारली नाही. आठवडाभर तोंडातून शब्द नाही हो, माझ्याशी!"

बाईने थर्मासमधला चहा ओतला, दोन चमचे साखर घातली आणि कप पुढे केला. तिने विचारलं नाही आणि मर्व्हिनलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कारखान्यातल्या माणसाला साखर किती, हे या गावात कोण विचारतं?

"चूक पाण्याची होती," ती पाठ केल्यासारखं बोलू लागली. "माशांची घाण खाणारे जंतू नव्या पाण्यात नसतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्यावाचून मासा स्वतःच्याच घाणीने मरतो. टाकी भरायची, वनस्पती लावायच्या, रोज चिमूटभर खाणं टाकायचं आणि थांबायचं. रमसारखंच आहे. पिंपात मुरल्याशिवाय काही खरं नाही."

"किती दिवस?"

"सहा आठवडे."

"सहा आठवडे! अहो बाई, परवा वाढदिवस आहे!"

"मासे आत्ता देते की. पण पुन्हा मेले तर?"

मर्व्हिन स्टुलावर बसला. तिने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. एकदा मेले ते बापाच्या अडाणीपणाने. दुसऱ्यांदा मेले तर नरेल पुन्हा त्याच्यावर विश्वास ठेवणार नव्हती. कारखान्यात बारा-बारा तास काढून हाती उरणारी ती एवढी एकच गोष्ट होती.

तो उठला. तीन फुटी टाकीच्या कोपऱ्यातल्या सांध्यावरून त्याने अंगठ्याचं नख वरून खालपर्यंत सावकाश फिरवलं. सांधा कुठेही उचललेला नव्हता. बाई त्याच्या हाताकडे बघत राहिली.

"हीच देऊन टाका," तो म्हणाला. "कुठे ठेवू?"

"तिच्या खाटेजवळ. ऊन येणार नाही अशा जागी."

"आणि वाढदिवसाला रिकामी टाकी दाखवून तिला सांगू काय?"

"खरं ते सांगा. बाबाला माहीत नव्हतं, आता विचारून आलाय, म्हणा."

"रडली तर?"

"रडेल थोडी."

मर्व्हिन हसला, पण हसू टिकलं नाही. त्याने टोपी काढून दोन्ही हातांत धरली.

"बाई, मला उगाच बरं वाटावं म्हणून सांगू नका. तुम्ही इतकी गिऱ्हाइकं बघता. नऊ वर्षांची पोर. आधीच बापावर रुसलेली. नुसत्या पाण्यापुढे सहा आठवडे ती थांबेल का हो?"

बाई काउंटरमागून बाहेर आली. त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि त्याचे सुरकुतलेले हात तिने आपल्या हातांत घेतले.

"थांबले की," ती म्हणाली. "रोज शाळेतून आले की तुमच्या शेजारी त्या रिकाम्या टाकीपुढे बसून राहायचे मी, बाबा. आणि त्यातला एकही मासा मेला नाही."