शपथ सुटली म्हण

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा बरं. मँचेस्टरमधली थंड सकाळ आहे. तोंडातून वाफ निघते आहे. तुम्ही नऊ वर्षांचे आहात, हातात बाबाचा कोट धरून उभे आहात आणि समोर इतकी माणसं आहेत, की रस्ताच दिसत नाही. सगळ्यांच्या छातीवर नंबर. कुणी जागच्या जागी उड्या मारतंय, कुणी घाईघाईने केळं खातंय, कुणी डोळे मिटून पुटपुटतंय. लाउडस्पीकरवर एक माणूस सारखा हसतो आहे.

तनिषा अशीच उभी होती. बाबाच्या नारिंगी बनियनवर त्याच्या नंबराची शेवटची पिन ती लावत होती, तेवढ्यात त्याचा हात तिच्या हाताला लागला.

"बाबा, तुझा बोटं थंड आहे."

एरवी बाबाने हसून तिचं मराठी दुरुस्त केलं असतं. आज नाही. त्याने डावी मूठ उघडली, मिटली. मग दंड चोळला, मग छाती. सगळे कुडकुडत होते आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

ट्रॅममध्येही तो असाच छाती चोळत होता. "पित्त झालंय गं," तो म्हणाला होता. "ओवा चावलाय. बरं वाटेल." मग तिचा हात उचलून त्याने स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझी शपथ आहे, तनू. आईला नाही, वैभवीकाकूला नाही, कुणालाच सांगायचं नाही. उगाच घाबरतील."

"शपथ," तनू म्हणाली. तिच्या बोटांखाली त्याचा गळा धडधडत होता.

शपथ मोडली की ज्याची घेतली तो माणूस मरतो, असं तिला पुण्याच्या नकुलदादाने सांगितलं होतं. आणि छातीत दुखतंय, हात दुखतोय, घाम येतोय, तर लगेच मोठ्या माणसाला सांगा, नाहीतर तो माणूस मरू शकतो, असं शाळेत प्रथमोपचार शिकवायला आलेल्या बाईंनी सांगितलं होतं. दोघांपैकी कुणीच तिच्याशी कधी खोटं बोललं नव्हतं.

"अरे अपूर्व!" मराठी मंडळाच्या वैभवीकाकू गर्दीतून वाट काढत आल्या. "लग्नात अंतरपाटामागे उभा होतास तेव्हासुद्धा इतका पांढरा पडला नव्हतास!"

"टेन्शन आलंय हो, वैभवीताई. पहिलीच मॅरेथॉन ना."

"टेन्शन कसलं? तू पळणार म्हणून आजारी मुलांसाठी अख्ख्या मंडळाने तुझ्या नावावर देणग्या दिल्यात. फिनिशला सगळे ढोल घेऊन उभे आहेत. पळत ये, चालत ये, रांगत ये, पण ये बाबा!"

बाबा हसला. हसू अर्ध्यातच थांबलं. त्याने धावपटूंसाठी लावलेल्या कठड्याला धरलं, क्षणभरच, आणि सोडून दिलं.

ज्याने शपथ घातली त्यानेच 'सुटली' म्हटलं, तर ती सुटते. हेही नकुलदादानेच सांगितलं होतं. तनूने बाबाचा हात ओढला.

"बाबा, सुटली म्हण."

"काय सुटली?" काकूंनी विचारलं.

"काही नाही, आमची गंमत आहे," बाबा म्हणाला. मग वाकून तिच्या कानात, "परत आलो की म्हणतो हं."

"आत्ता म्हण ना. प्लीज."

पण लाउडस्पीकरवरच्या माणसाने सगळ्यांना पुढे बोलावलं होतं. बाबा कठड्याच्या आत गेला. त्याची पावलं इतरांसारखी उडत नव्हती. काकूंनी फोटोसाठी फोन उंच धरला आणि ओरडल्या, "अपूर्व, इकडे बघ! स्माइल!"

त्याने वळून पाहिलं. ओठ कसे होते माहीत आहे? राखेच्या रंगाचे. काकू फोनच्या पडद्यावर बोट फिरवत होत्या. त्यांना ते दिसलं नाही.

कठड्याच्या टोकाशी हिरव्या कपड्यांतला एक प्रथमोपचारवाला उभा होता. तनू त्याच्यासमोर जाऊन थांबली. तो खाली वाकला.

"यू ओके, लव्ह?" त्याने मायेने विचारलं.

तिने तोंड उघडलं. आणि मिटलं.

भोंगा वाजला. मोठा आरडाओरडा झाला आणि सगळी गर्दी एकदम हलली. गर्दीबरोबर बाबाचं नारिंगी बनियनही हललं.

मुलांनो, तनूने तेव्हा काय केलं ते ऐका. त्या हिरव्या कपड्यांतल्या माणसासमोरच तिने कोट टाकून दिला. डाव्या हाताने स्वतःचं तोंड घट्ट, अगदी घट्ट दाबून धरलं. उजव्या हाताने आधी छाती चोळली, मग दंड. आणि मग त्याच हाताचं बोट पळणाऱ्या गर्दीतल्या नारिंगी बनियनवर रोखून धरलं.