कारकुनाची जीभ

कारकुनानं रजेच्या अर्जात सगळं खरंखरं लिहिलं. दोन जिने चढलं की धाप लागते, पायांना मुंग्या येतात, जीभ चुरचुरते, कालचं आज आठवत नाही. डॉक्टरांना दाखवायला एक दिवस हवा.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि खुर्चीत मागं रेलले. "अहो, ही तर माझीच लक्षणं!"

रजा साहेबांनीच घेतली. कारकुनाला बॅग धरायला सोबत नेलं, ऑन ड्यूटी.

दवाखान्यात केसपेपर साहेबांच्या नावानं निघाला. काय होतंय, असं विचारल्यावर त्यांनी तो अर्जच वाचून दाखवला.

"जीभ बघू," डॉक्टर म्हणाले.

साहेब सवयीनं मागं वळले. "दाखवा हो."

कारकुनानं दाखवली. लालभडक, काचेसारखी गुळगुळीत. रक्त द्यायची वेळ आली, तेव्हा बाहीही त्यानंच वर केली.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. "परनिशस अ‍ॅनिमिया," डॉक्टर म्हणाले. "पोट बी-ट्वेल्व्ह शोषूनच घेत नाही. वेळीच आलात, नाहीतर पाय कायमचे गेले असते. आता इंजेक्शनं, जन्मभर."

इंजेक्शनं मात्र साहेबांनी जातीनं घेतली.