माळ्यावरची पेटी

नाथाजीनं उसाची नवी ट्रॉली दारात लावली. "याकूबभाई, नाव तुमीच रंगवायचं. स्टिकर नको आपल्याला." सगळ्या इस्लामपूरच्या ट्रॉल्या रंगवणारा मी, पण सात वर्षांपूर्वी लकवा मारला आणि ब्रशांची पेटी माळ्यावर गेली. हात आता हलतो, पण थरथरतो. "ब्रशांच्या वाळून काटक्या झाल्यात रं," मी न बघताच सांगितलं. जरिना, माझी बायको, वर चढली आणि पेटी माझ्यापुढं आपटली. ब्रश मऊ होते. त्यांना तिच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. "कवापासनं लावतीस?" "तुमी पेटी ठेवलीत तवापासनं. दर जुम्म्याला." पहिलं अक्षर वाकडं आलं. "चालतंय की, तुमच्या हातचं हाय," नाथाजी म्हणाला. संध्याकाळी ब्रशांना तेल मीच लावलं. उरलेलं जरिनाच्या पिकल्या केसांना लावायला बसलो. हात थरथरत होता. तिनं मान स्थिर धरली.